कोठीत ठेवलेली गादी

भिवा गमरे याला डिलाईल रोडच्या चाळीत जन्मभर ‘बर्फवाला भिवा’ म्हणत. वास्तविक त्याने बर्फ कधी विकला नाही. रे रोडजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तो माल चढवणाऱ्या टोळीत होता. उन्हातून थंड कोठीत, कोठीतून पुन्हा उन्हात, असा त्याचा दिवस जाई. भर मे महिन्यातही त्याच्या अंगावर जुना लष्करी कोट असे आणि ट्राममधले लोक त्याच्याकडे वळून बघत. तरी हे नाव त्या कोटामुळे पडले नाही. ते पडले ढेकणांमुळे, आणि ती हकिकत संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतल्या एका हिवाळ्यातली आहे.

गमऱ्यांच्या खोलीत ढेकूण आधीही होते. चाळीत ते कुणाच्या खोलीत नव्हते? पण आधी त्यांचा बंदोबस्त होई. दर रविवारी भिवाचे वडील, नाना, लाकडी पलंग गॅलरीत काढत आणि त्याच्या सांध्यांत उकळते पाणी ओतत. नानांनी अख्खी उमर गिरणीच्या साचाखात्यात काढली होती, त्यामुळे रविवारचे काम रविवारी झालेच पाहिजे अशी त्यांची शिस्त. मग बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर लोटलेल्या त्या गर्दीत नानांनी पंचशील घेतले, आणि त्यातले पहिलेच शील जीवहत्या न करण्याचे. पुढच्या रविवारी पलंग गॅलरीत आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

“नाना, बाकी चाळीनंही शील घेतलंय. ते ओततात की पाणी,” भिवाची बायको राधा म्हणाली.

“त्यांचं शील त्यांच्यापाशी,” नाना म्हणाले. “मी कुणाला ओतू नका म्हणत नाही. मी ओतणार नाही.”

आणि सासरा ज्या कामातून हात काढून घेतो ते सून कशी करणार? भिवाही करीना. वर्षभरात ढेकूण असे माजले की भिंतीवरची तसबीर हलवली तरी मागून चारदोन पळत.

राधा बाळंतपणाला माहीमला आईकडे गेली. मुलगी झाली. भिवा बघायला गेला, तेव्हा सासू मीराबाईंनी त्याला चहा दिला आणि समोर बसून सरळ सांगितले,

“जावई, पौर्णिमेला मी हिला घेऊन येते. गादी माझ्या हातानं उसवून बघणार. ढेकूण दिसला तर मायलेकी दापोलीला माझ्या भावाकडे जातील. इथं माझी सून बाळंतपणाला टेकलीय, मला जागा नाही. मग पोरीला बघायला तुम्ही वर्षानं या.”

“पावडर मारतो,” भिवा म्हणाला.

“ती पांढरी? तान्ह्या पोरीच्या नाकातोंडात जायला? मारून तर बघा.”

पावडर नाही, घरात उकळते पाणी नाही. भिवा परत निघाला तेव्हा त्याचे डोके चालेनासे झाले होते. मुलीने त्याचे बोट धरले होते, ते तेवढे ध्यानात राहिले.

वाट त्याला कामावरच सापडली, म्हणजे सापडली असे त्याला वाटले. बटाट्याच्या पोत्यांतून कोठीत झुरळे येत. आत ती काटकीसारखी ताठ होत आणि पोते उन्हात आले की हळूहळू मिशा हलवून चालू लागत. हे त्याने शंभरदा पाहिले होते. आता त्याला अर्थ लागला. थंडी मारत नाही, झोपवते. ढेकूण झोपले की झटकायचे आणि दूर कुठे नेऊन सोडायचे. नानांचे शील राहील, मुलगी घरी येईल.

भिवा तसा भोळा नव्हता. आधी पारख करून घ्यावी म्हणून त्याने औषधाच्या बाटलीत काही ढेकूण धरले, तोंडाला फडके बांधले आणि बाटली बटाट्याच्या कोठीत पोत्यांमागे ठेवली. दुसऱ्या दिवशी ते पाय वर करून पडले होते. बाटली हलवली तर मुगासारखे खुळखुळले. मेले की काय? घरी जाताना ट्राममध्ये त्याने खिशातून बाटली काढून पुन्हा पाहिली, तर सगळे चालत होते. शेजारच्या गृहस्थाने ते पाहिले आणि तो उठून उभा राहिला. भिवा मात्र खूश झाला.

त्याने हे कोल्ड स्टोरेजच्या टिपणीसला सांगितले. माधव टिपणीस गिरगावातला, ऑफिसात कारकून, कोठ्यांच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात. दिवसा किल्ल्या आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा, असे त्याचे आयुष्य.

“म्हणजे तुला ढेकूण मारायचे नाहीत, पण घालवायचेत,” टिपणीस म्हणाला.

“हां.”

“आमची मागणीही तीच आहे सरकारकडे. आण गादी.”

गादी, उशा, गोधड्या हातगाडीवरून आल्या आणि एक रात्र बटाट्यांत राहिल्या. सकाळी भिवाने त्या घरी नेऊन गॅलरीत झटकल्या. ढेकूण टपटप पडले. नानांनी ते हलक्या हाताने केरसुणीने सुपात गोळा केले. एकही चिरडला नाही. ते चाळीमागच्या मैदानापलीकडे नेऊन सोडायचे ठरले होते, पण कामावर जायला उशीर होत होता. भिवाने सूप गॅलरीच्या कोपऱ्यात पाण्याच्या पिंपाआड ठेवले. झोपलेलेच आहेत, संध्याकाळी नेऊ, असा त्याचा हिशेब.

त्या कोपऱ्यावर दुपारी ऊन येते, हे तो विसरला.

संध्याकाळी शेजारची कौसल्या कमरेवर हात ठेवून जिन्यातच उभी होती.

“भिवा भावजी, तुमच्याकडची मंडळी आमच्याकडं आलीत. सगळी. चहा पाजून पाठवू की जेवायला ठेवून घेऊ?”

“कशी गेली?”

“मला विचारता? सुपात घालून तुम्हीच ठेवली ना उन्हाला, शेवया ठेवल्यासारखी? नाना, तुमचं शील पाळायला माझी पोरं लागली होय?”

नाना आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. भिवाला आणखी एक गोष्ट कळेना. गादी झटकून घेतली होती तरी रात्री ढेकूण चावलेच. आतल्या कापसातले झोपलेच नव्हते, की झोपून उठले होते? पौर्णिमा जवळ आली होती.

टिपणीसने डोके खाजवले. “बटाट्याची कोठी थंड आहे रे, पण बटाटा गोठला तर मालक मला गोठवील. मासळीच्या बाजूला एक लहान कोठी आहे, हल्ली रिकामीच असते. तिथं पाण्याची बादली ठेवली तर दगड होतो. तिथं एक रात्र ठेव. गाढ झोप लागेल, आतपर्यंत.”

“गाढ झोपच ना?”

“मी काय ढेकणांचा डॉक्टर आहे?”

गादी, उशा, गोधड्या पुन्हा आल्या. टिपणीसने कोठीला कुलूप लावले, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि तो तसाच कुठल्याशा मंत्र्याला काळे झेंडे दाखवायला गेला. तिथे तो पकडला गेला. कोट, किल्ली आणि माणूस, तिन्ही कोठडीत जाऊन बसली.

दुसरी किल्ली मोठ्या साहेबाकडे होती. पण साहेबाला सांगायचे काय? मासळीच्या कोठीत माझी गादी आहे, आणि तिच्यात ढेकूण आहेत? भिवा साहेबाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आला. रात्री बाप-लेक वर्तमानपत्रे अंथरून जमिनीवर झोपत. वर्तमानपत्रांत समितीच्या बातम्या असत आणि भिवा दिव्याच्या उजेडात टिपणीसचे नाव शोधत राही. लोक म्हणत, मुंबई मिळेल. भिवाला आपली गादी मिळेल की नाही ते कळत नव्हते. चौकीवरच्या एका जुन्या पोलिसाला विचारले तर तो म्हणाला, आज सुटतील, नाहीतर उद्या, नाहीतर नाही सुटणार.

“बरंच लांबलं की रे,” नाना एकदा म्हणाले. “इतकी झोप बरी असते का?”

आपण काय इच्छितो आहोत हेच भिवाला धड समजत नव्हते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी टिपणीस गळ्यात हार घालून सुटून आला. भिवाने त्याला घोषणाही धड देऊ दिल्या नाहीत, हाताला धरून कोठीकडे नेले. गादी पाटासारखी ताठ झाली होती. हातगाडीवर घातली तेव्हा वाटेत लोक विचारू लागले, बर्फ कसा दिला. नाव पडले ते इथे.

गॅलरीत उन्हाला टाकल्यावर गादी ओली झाली, मग मऊ झाली, मग वाळली. झटकली तेव्हा बाजरी सांडावी तसे ढेकूण पडले. या वेळी नानांनी सूप सोडले नाही. मांडीवर घेऊन ते उन्हात बसून राहिले. ऊन एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले.

“उठत नाहीत रे,” नाना म्हणाले.

“उठतील. बटाट्यातले उठले होते.”

“हे मेलेत, भिवा.”

भिवाने एकाला काडीने हलवले. तो कोंड्यासारखा उडून गेला.

“मी झोपवायलाच ठेवले होते, नाना. एका रात्रीपुरते. किल्ली अडकली. मी नाही मारले.”

“मग कुणी?”

“किल्लीनं म्हणा.”

नानांनी सुपाकडे पाहिले. “आणि ते मेलेले बघून तुला बरं वाटलं का वाईट?”

भिवाला यातले काहीच नक्की वाटत नव्हते. थंडीने ढेकूण मरतो की झोपतो, आपण सुटलो की अडकलो, सगळे एकमेकांत मिसळून गेले होते. “पोरगी घरी यावी एवढंच वाटत होतं,” तो म्हणाला. नानांनी हूं केले आणि सूप खाली नेऊन कचऱ्याच्या डब्यात रिकामे केले.

दुसऱ्या दिवशी मीराबाई आल्या, मागे ट्रंक डोक्यावर घेतलेला हमाल आणि बाळाला घेऊन राधा. मीराबाईंनी पाणीसुद्धा घेतले नाही. सुई-दोरा आणि कात्री बरोबर आणली होती. गादीची एक बाजू उसवली, कापूस पिंजून पाहिला, शिवण बोटाने दाबत दाबत गेल्या, उशा हुंगल्या. काही सापडले नाही.

“काय मारलंत?” त्यांनी विचारले.

“थंडी,” भिवा म्हणाला.

मीराबाईंनी मुलीकडे पाहिले. राधाने खांदे उडवले. “मी आजची रात राहते,” मीराबाई म्हणाल्या. “ट्रंकेची दोरी सोडू नका.”

राधा आणि बाळ पलंगावर झोपली, मीराबाई खाली. भिवा गॅलरीत पडला होता. आत जरा खुट्ट झाले की उठून बसे.

सकाळी बाळाच्या दंडावर लाल ठिपके होते.

राधाने झबल्याची बाही चटकन खाली ओढली, पण मीराबाईंनी ते पाहिले होते.

“डास आहे,” राधा म्हणाली.

“डास असा रांगेत चावत जात नाही. मी सहा पोरं वाढवलीत.” त्या उठल्या, पलंगाच्या पायाजवळ वाकल्या आणि सांध्यात केसातली पिन घालून बाहेर काढली. पिनेच्या टोकाला पुरावा होता.

भिवा बघतच राहिला. गादी नेली, उशा नेल्या, गोधड्या नेल्या. पलंग जिन्यातून उतरत नाही म्हणून राहिला होता, आणि थंडीच्या नादात पलंगाकडे कुणी पाहिलेच नव्हते. पंचशिलाआधी दर रविवारी फक्त पलंगालाच तर पाणी मिळत होते.

“राधा, चल,” मीराबाई म्हणाल्या. “दापोलीची गाडी मिळेल अजून.”

राधा हलली नाही. मग कोपऱ्यातून स्टोला पंप मारल्याचा आवाज आला. नाना उकिडवे बसून स्टो पेटवत होते. त्यांनी पाण्याचे पातेले वर चढवले.

“नाना, तुम्ही?” भिवा म्हणाला.

“मीच. किल्लीवर ढकलून काय होणार? पोरीसाठी करतोय ते माझ्या हातानं करतो. त्याचं काय व्हायचं ते माझ्याकडं.” “तू पलंगाला हात लाव. बाहेर घे.”

मीराबाईंनी पदर खोचला.

“एका पातेल्यानं काय होतंय, व्याही? पलंगाला पाय चार. कौसल्याकडचं मोठं भगुणं आणा. तिच्याकडं गेलेत म्हणे तुमचे, तिचाही पलंग काढायला सांगा.”

राधाने बाळाला स्टोपासून दूर, खिडकीखाली, उन्हात ठेवले. भिवा पलंगाचे एक टोक धरून दारात अडकला होता.

“पण राधा,” तो म्हणाला, “गादीतले मेले ते थंडीनंच ना? की उपासानं...”

“आधी पलंग बाहेर न्या,” राधा म्हणाली. “मग ट्रंकेची दोरी सोडा.”