भिंतीवरचं ‘आज चालतं’

माझ्या जुन्या ई-रीडरनं पुस्तकं उघडायचं सोडलं, तेव्हा मी तो भंगारात द्यायला निघाले होते. तेवढ्यात एका व्हिडिओत दिसलं, की कुणा हौशी माणसानं असाच एक थकलेला ई-रीडर भिंतीवर टांगून त्यावर तारीख आणि हवामान दाखवलंय. झालं! माझ्या अंगातच आलं. काशीदच्या आमच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यामुळे कामाला तोटा नाही. तरी पाहुण्यांची ताटं वाढतानाही माझ्या डोक्यात वायर आणि खिळेच घोळायला लागले. नवरा म्हणाला, “आधी भिंतीवरची पाल हलव, मग यंत्र लाव.”

त्याला काय कळणार! मला हे सासूबाईंसाठी करायचं होतं.

पावसाळ्यापासून त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. कानातलं यंत्र आणलं, तर “कानात रातकिडा बसलाय” म्हणत त्यांनी ते डबीत बंद केलं. पण ऐकू न येण्यापेक्षा त्यांना मासेवालीचं जास्त लागलं होतं. मासेवाली फाटकाशी येऊन हाळी द्यायची आणि सासूबाई हातातलं काम टाकून धावायच्या, तिला पायरीपर्यंत आणायच्या, हे वर्षानुवर्षं चाललेलं. कल्ले उचकटून बघायचे, “कालचं हाय हे” म्हणून तिला टोपली उचलायला लावायची, ती फाटकापर्यंत गेली की परत बोलवायचं. हे भांडण ऐकायला शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहायची. आता हाळीच ऐकू येईना. मासे मी घ्यायला लागले, म्हणजे मासेवाली सांगेल तो भाव आणि देईल तो बांगडा. सासूबाई ताटातल्या माशाकडे बघायच्या आणि मुकाट जेवायच्या. मला ते बघवत नव्हतं. भांडकुदळ सासू परवडली, पण गप्प सासू नको!

शेवटी पडवीत, कॅलेंडर उतरवून त्याच्याच खिळ्यावर, फलक लागला. वर वार आणि तिथी, खाली भरती-ओहोटी, आणि त्याखाली घरात सगळ्यात जास्त विचारली जाणारी गोष्ट: ‘आज चालतं’ किंवा ‘आज चालत नाही’. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळं मी त्याला पढवलं. फाटकाला बिनतारी घंटी बसवली. ती दाबली, की फलक एकदा काळा, एकदा पांढरा व्हायचा आणि मोठी अक्षरं उमटायची: ‘मासेवाली आली’. पहिल्यांदा ती उमटली तेव्हा मी पडवीत नाचले. खरोखर नाचले, पाहुण्यांनी फोटोसुद्धा काढला.

दुसऱ्या दिवशी मासेवाली घंटीकडे बघतच राहिली. “वल्या हातानं दाबू? करंट मारल ना गं!” शेवटी तिनं कोपरानं दाबली. अक्षरं आली, सासूबाईंनी वाचली आणि पदर खोचून त्या सुटल्याच. मी मागोमाग. पण मासेवाली बोलायची टोपलीत बघून. सासूबाईंना काही कळेना. मग मी मागून ओरडून सांगायला लागले, ती काय म्हणाली, भाव काय, मासा कुठला. मध्ये दुभाषा उभा राहिल्यावर भांडणाला काय चव राहणार? “तूच घे,” म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्यानंतर फलक लुकलुकायचा, त्या वाचायच्या आणि जागच्या हलायच्या नाहीत. मला इतका राग आला, की तो फलक विहिरीत टाकावासा वाटला.

मग एका बुधवारी, मासेवाली येऊन गेल्यावर, तारांच्या कामासाठी वीज गेली ती आलीच नाही. फलकाची बॅटरी केव्हाच मेलेली, तो थेट विजेवरच चालायचा; पण या पडद्याची गंमत अशी, की वीज गेली तरी शेवटची अक्षरं तशीच राहतात. त्यामुळे गुरुवारी सकाळीही फलक ठामपणे सांगत होता: बुधवार. आज चालतं. मासेवाली आली. आणि माझं त्याच्याकडे लक्षच गेलं नाही.

पडवीत गलका ऐकू आला म्हणून धावले, तर सासूबाईंनी मासेवालीला मनगट धरून रस्त्यावरून आत आणलेलं. ती बिचारी इस्त्रीची साडी नेसून, मोकळ्या हातांनी मुरूडच्या एसटीला निघालेली.

“पापलेट कुठं लपवलंस? सगळी हाटेलवाल्यांना घालतेस!”

“आई, गुरवार हाय आज! टोपली तरी दिसते का माज्याकडं?”

सासूबाईंनी फलकाकडे बोट केलं. “काय लिवलंय ते वाच! आज चालतं!”

मासेवालीनं फलकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तिला तेवढ्यात लहर आली होती. ती पायरीवर बसली, नसलेली टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी केवढं पापलेट ते दाखवलं. मग बोटांनी भाव. सासूबाईंनी नाक मुरडून तिची निम्मी बोटं दुमडली. ही कपाळावर हात मारून उठली, नसलेली टोपली डोक्यावर घेऊन फाटकापर्यंत गेली. सासूबाईंनी तिला बरोबर तिथवर जाऊ दिलं आणि हाक मारली! शेजारीण कुंपणाशी हजर. एसटी निघून गेली तरी दोघी भांडतच होत्या, आणि मधे माझा एक शब्द नव्हता. सौदा पटला तेव्हा मासेवाली डोळे पुसत हसत होती. इतक्या महिन्यांनी सासूबाईंचा असा खणखणीत आवाज ऐकून माझंही हसू आवरेना, आणि रडूही.

ती गेल्यावर मी सासूबाईंच्या समोर उभी राहून सावकाश म्हटलं, “आई, फलक चुकला. आज गुरुवारच आहे.”

“मला गुरवार कळत न्हाय व्हय? सकाळपास्नं उपास हाय माजा.”

“मग?”

“ती नुसतीच निघाली व्हती. भांडायला काय वार लागतो?” पदर सारखा करत त्या आत वळल्या आणि दारात थांबल्या. “उद्या ती आली, की तू मधी येऊ नको. तिची बोटं कळतात मला.”