नैरोबीहून डकार : एका बारशाचं अंतर

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर निघताना माझी यादी जवळजवळ पूर्ण होती. पासपोर्ट, पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला, झबली, चांदीचे वाळे. एकच ओळ उरली होती : 'नैरोबी ते डकार तिकीट, तिथे गेल्यावर.' नैरोबीतली ऑफिसची बैठक शुक्रवारी दुपारी संपणार होती आणि शनिवारी सकाळी अकराला डकारमध्ये माझा धाकटा भाऊ मंदार आणि भावजय ज्योती यांच्या मुलीचं बारसं. मी एकुलती एक आत्या. नाव मी निवडलं होतं आणि कोणालाही सांगितलं नव्हतं.

"सेम कॉन्टिनंट, आई. निअर ओन्ली लाह," माझी लेक म्हणाली होती. मलाही ते पटलं. वुडलँड्सच्या घरून वन-नॉर्थच्या ऑफिसला एमआरटी मेट्रोने तासभर लागतो, तेवढ्यालाही आम्ही 'फार लांब' म्हणतो. नकाशावर तर ती दोन शहरं माझ्या अंगठ्याखाली मावत होती.

नैरोबीची हवा पाचगणीसारखी, थंड आणि कोरडी. शुक्रवारी उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि पालेभाजी जेवून मी हॉटेलच्या काउंटरवर गेले. तिथे ग्रेस नावाची हसरी बाई होती.

"संध्याकाळचं डकारचं तिकीट हवंय. दोनेक तास लागतील ना?"

ग्रेसचं हसू थांबलं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. सहा हजार किलोमीटरहून जास्त! आज विमान नाही. उद्या सकाळी सातला निघायचं, वाटेत विमान बदलायचं आणि घड्याळ तीन तास मागे घेऊनही पोहोचायला संध्याकाळ.

"मॅडम, इथून डकारपेक्षा तुमची मुंबई जवळ आहे."

मी तिथल्याच खुर्चीत बसले. फोनवर दोनदा मोजून पाहिलं. खरंच होतं.

मंदारला फोन लावला.

"ताई, तू? तिकीट न काढता?"

"तू तिथे तीन वर्षं राहतोस. सांगायचं नाहीस?"

"मला वाटलं, तुझ्या यादीत असेल! हे बघ, पाहुणे बोलावलेत. अकरापर्यंत नाव सांग, नाहीतर ज्योतीने दुसरं काढून ठेवलंय."

"नाव फोनवर सांगत नाहीत, कानात सांगतात," म्हणून मी फोन ठेवला. मग ग्रेसकडून सकाळी सातचं तिकीट काढून घेतलं.

शनिवारी खिडकीतून खाली पाहत राहिले. तासन् तास नुसतं जंगल, मग ढग, पुन्हा जंगल. अकरा वाजले तेव्हाही खाली जंगलच होतं.

डकारला दार ज्योतीने उघडलं. घरात एकही पाहुणा नव्हता. खरकट्या ताटांची चळत, सुकलेली फुलं आणि सजवलेला पाळणा.

"काय नाव ठेवलंत?" मी विचारलं.

"पाहुणे जेवून गेले," ज्योती म्हणाली. "नाव राहिलंय. हात धुऊन या, ताई."

मी पाळण्यावर वाकले आणि त्या इवल्याशा कानात नाव सांगितलं. 'कुर्रर्र' करून आत्याच्या पाठीत धपाटे घालायला दोघंच उरली होती. ज्योतीने हलकेच थोपटलं. मंदारने मात्र दिवसभराचा राग काढला.

चार दिवसांनी चांगीवर लेक घ्यायला आली होती.

"सो, निअर ऑर फार?"

मी बॅग तिच्या हातात दिली. माझी पाठ अजून दुखत होती.