कापराचं तेल

घरात पिसवा झाल्यात हे मी चार दिवस कबूलच केलं नाही. पायांवर लाल गांध्या उठल्या की डासांवर ढकलायचे. शेवटी पांढरे मोजे घालून हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या, तर घोट्याजवळ काळे ठिपके उड्या मारायला लागले. ज्याच्यामुळे हे झालं ते आमचं मांजर सोफ्यावर खुशाल पसरलेलं होतं.

नवरा म्हणाला, फवारणीवाल्याला बोलावू. मी उसळले. घरात विष नको, काय करायचं ते नैसर्गिकच, असं ठणकावून सांगितलं. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून माणसाला जेवढी अक्कल येते तेवढी मला आलेली होती. खोबरेल तेल कोमट केलं आणि देवघरातला कापूर त्यात चुरला. लहानपणी खाज सुटली की आई आम्हाला हेच लावायची.

सासूबाई सिन्नरकडच्या. मांजर घरात आणलेलंच त्यांना पसंत नव्हतं. तरी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, ते दिवसभर अंग चाटीत बसतं. पोटात नाय का जायचं?"

"आई, कापूर आहे, विष नाही," असं म्हणून मी मांजराला मानेपासून शेपटीपर्यंत चोपडलं.

तासाभरात त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पाय लटपटायला लागले. इंदिरानगरातून दवाखान्यापर्यंत रिक्षात ते टॉवेलात थरथरत होतं. हे मेलं तर मीच मारलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डॉक्टरांनी आधी तेल धुऊन काढलं, सलाईन लावलं, मग माझी हजेरी घेतली. कापूर, निलगिरीचं तेल, असलं काहीही मांजराला लावायचं नाही. "झाडापासून आलं म्हणजे निर्धोक, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" दोन दिवस त्यांनी मांजर ठेवून घेतलं.

ते घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं निमूटपणे सुरू केलं. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून गळून सोफ्याखाली, गादीच्या शिवणीत पडतात. म्हणून रोज तिथे व्हॅक्यूम, आणि धूळ लगेच पिशवीत बांधून बाहेर. चादरी कढत पाण्यात, गाद्या गच्चीवर उन्हात. आणि मांजराला रोज बारीक फणी.

फणी सासूबाईंकडे होती, लिखा काढायची, दोन्हीकडे दाते असलेली. तीन मुलींची डोकी त्यांनी तिनेच साफ केलेली. मांजरालाही त्याच विंचरायच्या. आधी मान, मग पाठ, मग शेपटीचं मूळ. सापडलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची, तिथून तिला उडता येत नाही. नखावर चिरडायचा मोह त्या मोठ्या कष्टाने आवरायच्या.

सहाव्या आठवड्यात फणीत काही सापडेना. पिसवा गेल्या.

मांजर मात्र माझा हात पुढे आला की हुंगतं आणि सोफ्याखाली जातं. सासूबाई खाली बसल्या की त्यांच्या मांडीवर. मला फार लागतं ते. एकदा न राहवून म्हटलं, "आई, माझ्याकडे येईल का हो परत?"

"जवळ बसत जा. हात लावू नको," त्या म्हणाल्या.

या वेळी मी ऐकलं. रोज बसते. अजून आलेलं नाही.