एका ओळीला नकार

जपानमधल्या कावासाकी शहरात युनियनचं ऑफिस असलेल्या इमारतीची वीज वर्षातून एकदा तपासणीसाठी बंद होते. यंदा नेमका रविवार आला. कारखान्यांच्या वसतिगृहातल्या पोरी युनियनच्या वेबपानावर तक्रारी लिहितात त्याही रविवारीच. इतर दिवशी त्यांचे फोन सुपरवायझरच्या कपाटात.

हिगाशिदा चिझुरुला पॅकिंगच्या कामावरून काढलं, तेव्हापासून युनियनचा कॉम्प्युटर तीच सांभाळते. शिकवलं कुणी नाही. शिव्या घालत शिकली. तक्रारींचं पान जावात लिहिलेल्या वेबसर्व्हर नावाच्या प्रोग्रामवर चालायचं आणि तो सर्व्हर ती हातानेच सुरू करायची. या रविवारी आत जायलाच मनाई. वीज आली की मशीन चालवणाऱ्या लिनक्सपाठोपाठ सर्व्हरनेही आपोआप उठायला हवं होतं.

"अगं, मशीन सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये सर्व्हर उठवणारी एक ओळ टाक आणि मोकळी हो," युनियनचे सेक्रेटरी ओरितो म्हणाले.

"म्हणजे तो रूट म्हणून चालणार, सगळे अधिकार घेऊन. पानातून कुणी घुसला की अख्खं मशीन त्याचं. पोरींची नावं आहेत त्यात, ओरितोसान. त्यापेक्षा ती यादी मालकांना आपणच नेऊन देऊ या ना."

"वाकड्यात शिरू नकोस."

"सरळच बोलतेय."

तिने सर्व्हरसाठी वेगळा वापरकर्ता केला, हात बांधलेला, मोजक्याच अधिकारांचा. आधी तक्रारी साठवणारा डेटाबेस उठेल, मग सर्व्हर, असं सिस्टीमला बजावलं. शनिवारी मशीन बंद-चालू करून पाहिलं, तर सर्व्हर उठेचना. आजवर तीच तो रूट म्हणून सुरू करत आली होती. सर्व्हर आपल्या नोंदी लिहितो त्या लॉगच्या फाइली रूटच्या मालकीच्या. नव्या वापरकर्त्याला त्यांत अक्षर लिहिता येईना. चूक तिचीच. कान तापले. मालकी बदलली, पण पुन्हा तपासायच्या आत रखवालदार दारात उभा.

"चला, कुलूप लावायचंय."

"टाक ती ओळ," ओरितो दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही."

रविवारी दोघं समोरच्या कॉफीच्या दुकानात बसले. इमारतीत दिवे लागले. ओरितोंनी फोनवर पान उघडलं. उघडेना. पुन्हा. उघडेना.

"झालं समाधान? त्या पोरी एकदा बघतील. परत नाही यायच्या."

हे तिलाही माहीत होतं. "पुन्हा उघडा," ती म्हणाली.

तिकडे डेटाबेस रेंगाळत उठला, त्याच्यामागून सर्व्हर. पान उघडलं.

थोड्या वेळाने पानावर एका पोरीचा मजकूर आला: 'लिहिलं तर माझं नाव बाहेर जाईल का?'

ओरितोंनी फोन तिच्याकडे सरकवला. "तूच सांग."

'आमच्याकडून जाऊ नये म्हणून जे जमतं ते केलंय,' तिने लिहिलं.

 मग पलीकडून त्या पोरीच्या कारखान्याचं नाव आलं, तक्रारीची पहिली ओळ.