बापूराव ससाणे आणि तेलंगणची गाडी

दिल्लीहून जुनी गाडी आणणारा माणूस हुशार असतो असं माझं मत होतं, कारण तो माणूस मी होतो. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मग एवढा व्यवहार मला जमणार नाही? पुण्यात तशाच गाडीला मागतात त्यापेक्षा ती बरीच स्वस्त मिळाली. सोसायटीतल्या चार जणांना ती कशी मिळवली हे ऐकवूनही झालं. त्यातल्या एकाने शांतपणे सांगितलं की परराज्यातली गाडी इथे कायमची ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत इथला रोड टॅक्स भरावा लागतो, इथला नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी बापूराव ससाण्यांना भेटावं लागतं.

बापूराव आरटीओजवळच्या एका गल्लीत करंजाच्या झाडाखाली टेबल टाकून बसतात. सत्तरीला टेकलेत. मूळचे हडपसरचे. घरचा ऊस होता, त्या जागी आता इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत बापूरावांच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. जमिनीच्या पैशांतून चुलतभावांनी गाड्या घेतल्या, यांच्याकडे मात्र गाड्यांची कागदपत्रं आली. गल्लीतले बाकीचे एजंट लायसन्सपासून सगळी कामं करतात. बापूराव फक्त बाहेरच्या राज्यांतून आलेल्या गाड्या करतात आणि आता सगळं ऑनलाइन झालं तरी लोक त्यांच्याकडे येतातच.

मी फाइल पुढे केली तर त्यांनी ती उघडलीच नाही. चष्म्यावरून बघत विचारलं, "गाडी ऱ्हायला आलीया का पाव्हणी हाय?"

हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारतात, हे मला नंतर कळलं. कुणी आठ-दहा महिन्यांच्या कामासाठी बंगलोरहून आलेला असतो, पोलिसाने चौकात अडवलं म्हणून घाबरून टॅक्स भरायला निघालेला असतो. बापूराव त्याला चहा पाजून परत पाठवतात. "पाव्हणीला टॅक्स नसतो. जावा घरी." हातचं गिऱ्हाईक असं घालवणाऱ्या माणसाला शेजारचे एजंट येडा म्हणतात. मी त्यांना शहाणा म्हणायचो, अगदी तोंडावर.

माझी गाडी राहायलाच आली होती. टॅक्स मी मोजलेल्या किमतीवर नव्हे, तर ती गाडी नवी असताना जी किंमत होती तिच्यावरून, वयाप्रमाणे सूट देऊन लागतो, हे ऐकल्यावर मी दहा मिनिटं वाद घातला. त्यांनी तो पुरा ऐकून घेतला. "गणित बरोबर हाय तुमचं, सर. फकस्त गाडी दुसऱ्या राज्यातली हाय," ते म्हणाले. माझी सगळी बचत त्या एका वाक्यात गेली. दिल्लीहून यायच्या एका पत्रासाठी काम दोन महिने अडकलं, आणि तेवढ्या हेलपाट्यांत आमची दोस्ती झाली.

त्यांचा एकुलता एक मुलगा आनंद अकरा वर्षं हैदराबादला. सून कल्याणी तिथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला, नात संस्कृती तिसरीत. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बापूरावांच्या पत्नी, दुर्गाबाई, न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आनंद बायकोमुलीला गाडीत घालून रातोरात आला. जूनमध्ये त्या दोघी बसने परत गेल्या, आनंद राहिला. कंपनीने त्याला वर्षभर हडपसरच्या ऑफिसात बसायची मुभा दिली. आईला व्यायामाला न्यायला गाडी हवी म्हणून गाडीही राहिली.

वर्ष सरत आलं. दुर्गाबाई काठी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जायला लागल्या होत्या. कंपनीला मार्चअखेर सांगायचं होतं, इथे की तिथे. आनंदने इथे राहायचं ठरवलं. कल्याणी नोकरी सोडून यायला तयार झाली. गाडी इकडे करून घ्यायला हैदराबादच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागते, तीही तिनेच खेटे घालून मिळवली आणि कुरिअरने पाठवली.

ती हातात पडली त्या दिवशी बापूरावांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "पोरगं ऱ्हातंय, सर." एवढंच म्हणाले आणि उगाच टेबलावरचे कागद सारखे करत बसले. एका सरकारी कागदाने इतका सुखावलेला माणूस मी पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं. माझी मुलगी कॅनडात असते, म्हणून थोडा हेवाही वाटला, कशाला लपवू.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या गाडीचे कागद न्यायला गेलो, तेव्हाच आनंद गाडी घेऊन आला. फाइलला चॅसिसचा ठसा लावावा लागतो. गाडीच्या सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो, त्यावर कागद चिकटवून पेन्सिल फिरवली की आकडे उमटतात. आनंदच्या गाडीत तो पुढच्या डाव्या सीटखाली, कार्पेटच्या एका झडपेआड होता.

"बाबा, मी घेतो ना. तुमचे गुडघे..."

"तुला जमायचं न्हाई," म्हणत बापूराव रस्त्यावरच गुडघे टेकून आत वाकले. सीट मागे सरकवली. मग बराच वेळ काही हालचाल नाही. कंबरेत उसण भरली की काय म्हणून मी उठलो, तेवढ्यात ते मागे आले. हातात वहीचं एक चुरगळलेलं पान होतं. त्याला चॉकलेट चिकटलं होतं. पानभर गोलगोल तेलुगू अक्षरं.

"संस्कृतीचं दिसतंय," आनंद म्हणाला. "दिवाळीत आली होती ना, तेव्हाचं असेल."

"काय लिवलंय?"

"मला बोलता येतं, बाबा. वाचता नाही येत."

निम्म्या देशाच्या नंबरप्लेटा बघून जिल्हा सांगणारा हा माणूस नातीचं अक्षर उलटसुलट करून बघत होता. शेवटी त्यांनीच व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. परीक्षेआधीची सुट्टी होती, पोर घरीच होती. पान बघून ती म्हणाली, "अय्यो, आजोबा, तुमच्याकडे होतं? टीचर किती रागावल्या मला. 'आमचं घर' लिहून आणायला सांगितलं होतं."

आजोबांनी वाचायला सांगितलं. फोनच्या काचेत डोळे घालून ती वाचत गेली आणि मराठीत सांगत गेली. आमच्या घरात तीन माणसं आहेत. गॅलरीत तुळस आहे. तिला बाबा पाणी घालायचे. आता बाबा आजीकडे आहेत म्हणून मी घालते. कधी कधी विसरते. पुढचं चॉकलेटखाली गेलं होतं.

"आजोबा," ती म्हणाली, "गाडीचा नंबर बदलला की माझी शाळा पण बदलणार ना? आईने सांगितलंय. पुण्याच्या शाळेत तेलुगू असतं का?"

तक्रार नव्हती. बापूराव सांगत, शिंगरासारखी धावते ती पोर, पण आता शहाण्यासारखं विचारत होती. बापूराव म्हणाले, "बगतो हां, बाळा," आणि फोन आनंदकडे दिला. मग त्यांनी मुलाला तोच प्रश्न विचारला, जो आम्हा सगळ्यांना विचारतात आणि यालाच विचारायचा राहिला होता.

"आनंदा, गाडी ऱ्हायला आलीया का पाव्हणी हाय?"

"आता काय विचारताय, बाबा? एनओसी आलीये. टॅक्स भरून टाकतो आजच."

"टॅक्सचं न्हाई इचारलं मी."

आनंदने वडिलांच्या हातातून पान घेतलं. नीट घडी घालून खिशात ठेवलं. खाली बघतच म्हणाला, "आईचं काय मग?"

"तुझ्या आईला मी हाय की. चाळीस वरसं तिनं माझं केलं, आता मी करीन. सैपाक शिकीन. तू घरी जा, लेका."

मला राग आवरेना. मध्ये पडायचं काही कारण नव्हतं, पण पडलो. "बापूराव, मुलगा आपणहून राहतोय. लोकांचे मुलगे बोलावून येत नाहीत, आणि तुम्ही आलेल्याला हाकलताय?"

"सर," ते म्हणाले, "दुसऱ्यांना मी माघारी धाडतो, तवा तुमी मला शहाणा म्हंता."

न वापरलेली एनओसी परत करता येते. गाडी इथे नोंदवलेली नाही असं इथल्या आरटीओकडून लिहून घ्यावं लागतं, मग तिकडे ती रद्द होते. तो अर्ज आनंद मोबाइलवर भरू म्हणत होता, तरी बापूरावांनी आधी हाताने लिहून काढला. दोन कागद वाया गेले. रोज असे अर्ज डोळे मिटून लिहिणारा हा माणूस. मला पेढ्याची आठवण झाली आणि स्वतःच्या रागाची लाज वाटली.

दुर्गाबाईंना त्यांनी भीतभीत सांगितलं म्हणे. त्या म्हणाल्या, "मला दिवाळीतच कळलं हुतं. तुमालाच उशीर झाला."

पाडव्यानंतर आनंद गेला. सोलापूर रस्त्याने सरळ निघालं की हैदराबाद, हडपसरहून वळायचीसुद्धा गरज नाही. मी आठवड्याने गल्लीत गेलो, काम नव्हतं तरी. बापूराव नेहमीसारखे बसले होते, डब्यातली करपलेली पोळी खात होते. घर रिकामं वाटत असेल, असं मी म्हटलं. बोलून गेल्यावर वाटलं, असलं विचारायचं नसतं.

"वाटतं की. खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. "खाली आनंदा गाडी लावायचा ना, त्या जागंवर दोन दिवसांत वरच्या मजल्यावाल्यानं त्याची लावली. मी भांडून काढायला लावली. दुसऱ्या दिवशी परत तेच. परत भांडलो. तिसऱ्यांदा निघालो, तवा हिनं हात धरला. म्हनली, आवं, लावू द्या की. आपला आला की काढत्याल ते."

त्यांनी पोळीचा तुकडा डब्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "काढत्याल ना, सर?"

"नाही काढली तर मला फोन करा," मी म्हटलं. "मी येतो भांडायला."