सगळं गाव फोटोत

मंडळी, जर्मनीत वाल्डॉर्फजवळच्या ज्या खेड्यात आम्ही सात वर्षं राहतोय, तिथे आज सकाळी गावाचा फोटो होता. नव्या कॅलेंडरसाठी सगळ्यांनी चर्चसमोर जमावं, अशी चिठ्ठी घरोघरी आली होती. आमच्याकडेही.

नवरा कामासाठी बर्लिनला, म्हणून लेकीला घेऊन मीच गेले. ठेवणीतली साडी नेसून. पायऱ्यांवर दुसऱ्या रांगेत आम्ही दोघी उभ्या राहिलो.

तेवढ्यात शेजारचे आजोबा आले. त्यांची बायको आजारी होती तेव्हा महिनाभर मी त्यांच्याकडे सूप पोचवत होते. माझ्या हातात कॅमेरा देत ते हसून म्हणाले, "तुम्ही काढता का? म्हणजे सगळं गाव फोटोत येईल."

मी लेकीकडे पाहिलं. ती जर्मनमध्ये म्हणाली, "आई, काढ ना. सगळे थांबलेत."

मी खाली उतरले आणि तीन फोटो काढले. आजोबांनी अगदी मनापासून आभार मानले. त्यांना काही कळलंच नाही, आणि मीही "काही हरकत नाही" म्हणाले.

घरी आल्यापासून त्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग येतोय. माझ्या जागी तुम्ही काय बोलला असतात?