गुंजवण्याच्या धुक्यातला पाठलाग

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. कारण ही गोष्ट सांगताना मला अजून काटा येतो, आणि काटा आलेल्या माणसासमोर हसणं काही बरं दिसत नाही!

मी एका खासगी गुप्तहेर एजन्सीत काम करते. हो, मीच! कुकरच्या शिट्टीला दचकणारी मी. ऑफिस पुण्यात, घर भोरला. तुम्हाला वाटेल, खून-बिन शोधत असेल. कसलं काय! आमच्याकडे येतात कंपन्या. ‘आमचा माणूस कामाच्या वेळेत काम करतो की घरी झोपा काढतो, तेवढं बघून सांगा.’ बस्स. आणि तेही बघायला बाकीचे जायचे, मी फक्त फोन घ्यायचे. मग एकदा साहेबांनी आत बोलावलं.

“वेल्ह्याकडचं काम आहे. तू तिकडचीच ना?”

भोर आणि वेल्ह्याच्या मध्ये केवढे डोंगर आहेत, हे पुण्यातल्या माणसाला कोण समजावणार? मी म्हटलं, “हो सर.”

तर काम असं. संपत नावाचा एक माणूस, पशुखाद्याच्या कंपनीत. त्यानं गावोगावचे गोठे फिरून ऑर्डरी घ्यायच्या आणि जिथं असेल तिथून मोबाईलवर स्वतःचा फोटो काढून हजेरी लावायची. फोटोबरोबर जागाही कंपनीला कळते. आणि याची सगळी हजेरी एकाच जागेवरून! गुंजवण्याच्या रस्त्यावरच्या एका एसटी थांब्यावरून. कंपनीचं म्हणणं, हा पठ्ठ्या दिवसभर तिथंच बसून राहतो. सिद्ध झालं तर त्याची नोकरी जाणार. आणि मला हो-नाही काहीच सांगता आलं नाही तर माझी!

“कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये,” साहेब म्हणाले.

मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त आईला. आता आईला सांगणं हे काय सांगणं झालं?

भाद्रपदातली सकाळ. नसरापूर सोडलं आणि धुक्यात शिरले. धुकं कसलं, स्कूटीचं पुढचं चाक माझंच आहे की दुसऱ्या कुणाचं, तेही कळेना! विंझरला माझी मामी राहते. तिच्या दारावरून जाताना हेल्मेटची काच खाली ओढली आणि मान इकडची तिकडे केली नाही. गुप्तता म्हणजे गुप्तता!

थोडं पुढे एका टपरीवर थांबले. टपरीवाल्याला मी जन्मात पाहिलेलं नाही. मी तोंड उघडायच्या आत त्यानं पुढ्यात चहा ठेवला.

“घ्या. बिनआल्याचा हाय. आल्यानं ठसका लागतो न्हवं तुमाला?”

मी उचललेला कप परत खाली ठेवला. “तुम्हाला कसं कळलं?”

तो नुसता हसला. मग माझ्या खांद्यावरून मागे धुक्यात बघत त्यानं हळूच मान डोलावली. कुणाला तरी ‘व्हय’ म्हणावं तशी. मी गर्रकन वळले.

मागे कुणी नव्हतं.

चहा तसाच टाकून निघाले. आणि मग आरशात तो दिवा दिसला. पिवळा, एकच, मंद. मी हळू केली, तो हळू झाला. मी थांबले, तो थांबला. हॉर्न नाही, आवाज नाही, पुढे निघून जाणं नाही! एका हाताला धरणाचं पाणी. पाणी असावं, म्हणजे. दिसत नव्हतं, नुसता चुबुक चुबुक आवाज यायचा. त्या पाण्याखाली कुणाकुणाची शेतं आहेत, घरांची जोती आहेत, हे मला नेमकं तेव्हाच आठवायची काय गरज होती?

भाताच्या बांधावर डोक्यावरून प्लास्टिकची खोळ घेतलेली एक म्हातारी उभी होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जिवंत माणूस!

“आजी, एसटीचा थांबा अजून लांब आहे का?”

“हितंच की, वळणावर.” तिनं मला खालून वर न्याहाळलं. “एकलीच हाय म्हून भिऊ नगंस, बाय. हाय तुज्या मागं त्यो. सकाळधरनं हाय. तू मागं बगू नगंस. फुडं बगून चालव.”

आता सांगा, यानं माणसाला धीर येतो?

कशीबशी थांब्यावर पोचले. थांबा रिकामा. म्हणजे हा संपत इथंही बसत नाही! फोनमधला त्याचा फोटो पुन्हा बघून घेतला. गोल चेहरा, झुपकेदार मिश्या. एवढ्यात फोनला रेंज आली आणि तो अचानक टुंग-टुंग वाजायला लागला. मी किंचाळले. माझ्याच फोनला!

बाहेर तो दिवा आला. थांबला. विझला.

मग पावलं. चिखलात, सावकाश. धुक्यातून डोक्यापासून पायापर्यंत काळं काहीतरी पुढे सरकलं. टोपडं खाली ओढलेलं. आत चेहरा नाही.

“चिंगीऽऽ!”

मला चिंगी म्हणतात हे आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत नाही. कॉलेजची सगळी वर्षं मी ते जिवापाड लपवलंय! आणि लहानपणी आम्हाला शिकवलेलं, सुनसान जागी हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तर माणूस. त्या दुसऱ्या जातीला तिसरी हाक मारता येत नाही.

“चिंगीऽऽ!”

दुसरी. मी भिंतीला चिकटून तिसरीची वाट बघायला लागले. निकालाचीसुद्धा मी इतकी वाट कधी पाहिली नव्हती. मार ना रे बाबा, अजून एक मार!

नाहीच मारली.

मी डोळे मिटले आणि हातातलं हेल्मेट सगळा जोर लावून फेकलं.

“आयाऽयाऽयाऽ! अवो ताई!”

भूत ‘अवो ताई’ म्हणतं? आणि त्या काळ्या आकाराच्या खिशातून चक्क माझ्या मामीचा आवाज यायला लागला. “संपत, अरं काय झालं? वरडली का ती? मी म्हनलं न्हवतं, लई भित्री हाय म्हून!”

टोपडं मागे पडलं. रेनकोट. आत गोल चेहरा. झुपकेदार मिश्या.

तो गुडघा चोळत सांगत होता आणि मी उभ्या उभ्या विरघळत होते. आईनं मामीला फोन केला होता. मामीनं टपरीवाल्याला, टपरीवाल्यानं पुढे गावात निरोप धाडला. ‘आमची पोरगी येतीय, धुकं हाय, ध्यान ठेवा.’ आणि दिवसभर मागे राहायला मामीनं माणूस निवडला तो या रस्त्यावरचा सगळ्यात भरवशाचा. संपत!

“अजून एक हाक मारनार, तर मामींचाच फोन आला,” तो म्हणाला. “त्या म्हनल्या व्हत्या, चिंगी म्हून हाक मार, मंजी भिनार न्हाई.”

“तुमचं काम?”

“कामाचं काय घेऊन बसलाय! आज एक गोठा झाला न्हाई. पर मामींचा शबूद कसा मोडायचा?” मग एकदम आवाज खाली आणून, “त्ये जाऊंद्या. तुमी कुना कामचुकाराच्या मागावर हाय म्हनं. गावला का?”

मी आकाशाकडे बघितलं. आकाश दिसत नव्हतं.

“नाव सांगा की. ह्या पट्ट्यात समदी वळखीची हाईत माझ्या!”

पुन्हा धुक्यात एकटी राहायला नको म्हणून मी त्याचीच बाही घट्ट धरली. तेवढ्यात त्यानं फोन वर धरला. “जरा थांबा हां, हजेरी लावतो. रेंज फकस्त ह्या थांब्यात येती. वाड्यांवर कुठंच न्हाई. रोज गोठं सोडून हितवर याया लागतं बगा, फोटू टाकायला.”

खटॅक.

म्हणजे उत्तर मिळालं होतं! पण अहवालात लिहायचं काय? की ज्या दिवशी मी त्याच्यावर नजर ठेवली, नेमक्या त्याच दिवशी त्यानं कामाला हात लावला नाही? त्याची नोकरी घालवायला तेवढं पुरेसं होतं. संध्याकाळी मी साहेबांना फोन करून सगळं खरं सांगून टाकलं. मामीसकट, हेल्मेटसकट. म्हटलं, माझी गेली तरी चालेल, त्याची जायला नको.

साहेब म्हणाले, “कंपनीकडून मला एक हजेरीचा फोटो आलाय. विचारतायत, आमच्या माणसाच्या बाहीला लोंबकळणारी ही रडवेली बाई कोण?”

“मग... काय सांगितलंत, सर?”

“सांगितलं, आमचीच डिटेक्टिव्ह. रेंजचंही सांगितलं. त्यांचं समाधान झालं, फाईल बंद.”

“आणि माझं, सर?”

“तू उद्यापासून परत फोनवर.” मग त्यांनीच विषय बदलला. “एक सांग. तो माणूस सकाळपासून तुझ्या मागे होता, आणि तुला त्यानं एकदाही चेहरा दिसू दिला नाही?”

“एकदाही नाही, सर.”

“त्याला आपल्याकडे काम करायचंय का विचार. आहे का नंबर त्याचा तुझ्याकडे?”

नव्हता. एवढा दिवस त्याच्या मागावर घालवला, पण नंबर शेवटी मामीकडून घ्यावा लागला.